नव्या घराचा खर्च आणि वहीतला तिसरा रकाना



मागच्या आठवड्यात बस्तीत दर्शन घेऊन बाहेर पडताना एका वहिनींनी मला थांबवलं. त्यांच्या मुलाने फ्लॅट बघून ठेवला आहे. त्या म्हणाल्या, "घराची किंमत कळली हो, पण राहायला जाईपर्यंत वर आणखी किती लागतात ते कुणी नीट सांगतच नाही. तुम्हाला किती लागले?" मी तोंडाला येईल तो आकडा सांगणार होते, पण थांबले. कारण त्या आकड्यामागे आमच्या घरात जे घडलं ते दोन मिनिटांत सांगण्यासारखं नाही. म्हणून आज वही काढून बसले आहे आणि सगळं लिहिते आहे.

आम्ही सांगलीत एकोणीस वर्षं भाड्याच्या घरात राहिलो. आमचे हे एका कारखान्यात हिशेबाचं काम बघतात, मी घरी शिकवण्या घेते. सासूबाई आमच्याकडेच असतात. तयार इमारतीतला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट ३८ लाखांना ठरला. ११ लाख आमची साठवण, २७ लाख बँकेचं कर्ज. इथपर्यंतचा हिशेब सगळेच करतात. गोंधळ पुढे होतो.

पहिली गोष्ट म्हणजे, बँक कर्ज देते ते घराच्या किमतीवर. स्टॅम्प ड्युटी आणि नोंदणी फी आपल्या खिशातून जाते, आणि तीही रोख तयार असावी लागते. आमच्याकडे ती महापालिका हद्दीत सहा टक्के होती. खरेदी फक्त बाईच्या नावावर असेल तर महाराष्ट्रात २०२१ पासून एक टक्का सवलत आहे. आम्ही घर माझ्या एकटीच्या नावावर घेतलं, म्हणून पाच टक्क्यांनी १,९०,००० भरले, ३८,००० वाचले. नवरा-बायकोच्या दोघांच्या नावावर घेतलं तर ही सवलत मिळत नाही. पण त्याची दुसरी बाजूही बघा. कर्जाच्या व्याजावरची आयकरातली सूट घराच्या मालकालाच मिळते. हप्ता नवरा भरणार आणि घर फक्त बायकोच्या नावावर, असं असेल तर ती सूट हातची जाते. दोन्ही बाजूंचा हिशेब मांडून मग ठरवा. नोंदणी फी एक टक्का असते, पण ३०,००० च्या वर जात नाही. आम्हाला तेवढीच लागली. वकील, बँकेची फी, दस्ताची कामं मिळून २५,०००. म्हणजे २,४५,००० रुपये घराची किल्ली हातात येण्याआधीच गेले.

घर तयार होतं, भोगवटा प्रमाणपत्र मिळालेलं होतं, म्हणून जीएसटी लागला नाही. बांधकाम चालू असलेलं घर घेणार असाल तर ५ टक्के धरा. परवडणाऱ्या घरांच्या नियमात बसत असेल तर १ टक्का.

एवढं सगळं देऊन आमच्याकडे बरोबर तीन लाख रुपये उरले होते. ते राहायला जाण्यासाठी. मला वाटलं, तीन लाख म्हणजे चिक्कार झाले.

एका रविवारी दुपारी आम्ही तिघं वही घेऊन बसलो. एकेक जण आठवेल ते सांगत होता आणि मी लिहीत होते. स्वयंपाकघराच्या ट्रॉल्या ८५,०००. सोसायटीचा एक वर्षाचा आगाऊ मेंटेनन्स २४,०००. पंखे आणि दिवे १६,०००. पडदे आणि त्यांचे रॉड १८,०००. खिडक्यांना जाळ्या १४,०००. दिवे लागल्यावर किडे आत येऊन मरतात ते मला बघवत नाही, म्हणून जाळ्यांवर मी अडूनच बसले. इलेक्ट्रिशियन, प्लंबर, सुतार मिळून १२,०००. टेम्पोच्या दोन फेऱ्या आणि हमाल ७,५००. आणि एक खर्च, जो मला यांनी आठवून दिला: नव्या घराचा हप्ता सुरू झाला तरी जुनं घर सुटेपर्यंत दोन महिन्यांचं भाडं चालूच राहणार होतं. ते १८,०००. हा खर्च बहुतेक जण विसरतात. अडीअडचणीला म्हणून ३०,००० राखीव.

मग देवघर १२,००० आणि गृहप्रवेशाच्या दिवशीच्या विधानाचं साहित्य, पंडितांची दक्षिणा मिळून ११,०००.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. त्यानंतर सासूबाई म्हणाल्या, "आता जेवणाचं लिही."

अडीचशे माणसं, १८० रुपये ताट, ४५,०००. मांडव १५,०००. नणंदा, त्यांचे यजमान, माझ्या माहेरची माणसं, सगळ्यांचा आहेर ४०,०००. आलेल्या प्रत्येकाच्या हातात काहीतरी द्यायला हवं म्हणून स्टीलचे डबे, ११० प्रमाणे २७,५००. फुलांची सजावट १२,०००. फोटो १०,०००. मग हे म्हणाले, "एवढी माणसं येणार तर हॉल असा उघडाबोडका कसा दिसेल?" म्हणून फॉल्स सीलिंग ४८,००० आणि नवा सोफा ५५,०००. आणि मैत्रिणींनो, मी साळसूद होते असं समजू नका. सोफ्याचा रंगसुद्धा मी आधीच मोबाइलवर निवडून ठेवला होता.

बेरीज केली. बरोबर पाच लाख. हातात तीन.

दोन लाखांची तूट बघून कुणी काही बोललं नाही. हे म्हणाले, "ऑफिसच्या पतसंस्थेतून उचलतो." मी मनात हप्ता धरला. घराचाच साडेतेवीस हजारांच्या आसपास होता, त्यावर हा आणखी एक. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी देवदर्शनाहून आले तर वहीवर एक रुमाल ठेवलेला होता. आत सासूबाईंच्या पाटल्या. चार तोळ्यांच्या. त्या स्वयंपाकघरातूनच म्हणाल्या, "गहाण ठेवा. नंतर सोडवता येतात."

या पाटल्यांची गोष्ट मला माहीत होती. यांच्या शिक्षणाच्या वेळी त्या एकदा गहाण पडल्या होत्या. सोडवायला सहा वर्षं लागली. त्या सहा वर्षांत सासूबाई कुठल्याही लग्नाला गेल्या की हात पदराखाली घेऊन बसायच्या, हे त्यांनीच मला एकदा शेंगा फोडताना सांगितलं होतं. हसत सांगितलं होतं, पण मला ते विसरता आलं नाही. तेव्हा पाटल्या मुलाच्या शिक्षणासाठी गेल्या होत्या. आता कशासाठी जाणार होत्या? डबे आणि सीलिंगसाठी?

मी पाटल्या परत त्यांच्या कपाटात ठेवल्या. मग वहीचं नवं पान काढलं आणि तीन रकाने आखले. पहिल्यावर लिहिलं 'जगण्यासाठी', दुसऱ्यावर 'धर्मासाठी', तिसऱ्यावर 'लोकांसाठी'. मग पाच लाखांतला एकेक खर्च उचलून त्या त्या रकान्यात टाकला.

जगण्यासाठी २,२४,५००. धर्मासाठी २३,०००. लोकांसाठी २,५२,५००.

अर्ध्याहून जास्त पैसा तिसऱ्या रकान्यात होता. आणि आम्ही सगळे त्याला काय म्हणत होतो? तर "वास्तूचं धार्मिक कार्य आहे, त्यात हात आखडू नये."

आपल्यातल्या ज्यांनी पाठशाळेत तत्त्वार्थसूत्र केलंय त्यांना आठवेल. परिग्रह-परिमाण अणुव्रतात ज्या दहा बाह्य परिग्रहांची मर्यादा घालायला सांगितली आहे त्यांत पहिला क्षेत्र, म्हणजे जमीन. आणि दुसरा वास्तू. ज्या वास्तूसाठी आपण विधान करतो, ती स्वतःच परिग्रहाच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर बसलेली आहे. घर घेणं हे पाप आहे असा याचा अर्थ नाही. आपण श्रावक आहोत, संसारी माणसं, आपल्याला छप्पर लागतं. पण परिग्रह म्हणजे वस्तू नव्हे, वस्तूवरची मूर्च्छा, असं शास्त्रात सांगितलं आहे. घर अजून ताब्यात आलं नव्हतं आणि माझा जीव सोफ्याच्या रंगात अडकला होता. मूर्च्छा याहून वेगळी काय असते?

मी वही यांना दाखवली. यांनी फॉल्स सीलिंगवर स्वतःच काट मारली. सोफ्यावर मी मारली. डबे, फोटो, मांडव गेले. मग सासूबाईंना दाखवली. मला वाटलं, त्या लगेच पटवून घेतील.

त्यांना पटलं नाही.

त्या म्हणाल्या, "तू जेवण लोकांसाठीच्या रकान्यात टाकलंस. चाळीस वर्षं मी दुसऱ्यांच्या वास्तूला जेवून आले. भाड्याच्या घरात राहतात म्हणून कुणी आम्हाला बोलवायचं सोडलं नाही. आपण काय नुसतं खाऊनच यायचं का गं? आपलं पान कधी वाढायचंच नाही?"

मला उत्तर देता आलं नाही. कारण त्या दिखाव्याबद्दल बोलत नव्हत्या. एका बाईला स्वतःच्या घरात, स्वतःच्या हाताने माणसांना वाढायचं होतं. ते मी एका फटक्यात 'लोकांसाठी' म्हणून बाजूला केलं होतं. वहीतले रकाने चांगले असतात, पण माणसाचं मन त्यात सरळ बसतंच असं नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

दोन दिवस वही तशीच पडून राहिली.

तिसऱ्या दिवशी मुहूर्ताचं बोलायला पंडितांकडे गेलो. चातुर्मासाआधी उरकायचं होतं. ते म्हणाले, "अक्षय तृतीया आहे की. त्याहून चांगला दिवस कुठला?" आणि घरी परतताना रिक्षात सासूबाईच म्हणाल्या, "अगं, अक्षय तृतीया म्हणजे उसाचा रस."

गोष्ट आपल्या सगळ्यांना माहीत आहे. भगवान आदिनाथांनी दीक्षेनंतर सहा महिने उपवास केला आणि मग आहारासाठी निघाले. पण मुनींना आहार कसा द्यायचा हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. लोक हत्ती, घोडे, रत्नं, वस्त्रं घेऊन पुढे यायचे आणि भगवान काही न घेता निघून जायचे. असे महिन्यांमागून महिने गेले. शेवटी हस्तिनापूरच्या श्रेयांस राजाला पूर्वभवाचं स्मरण झालं, आणि त्याने वैशाख शुद्ध तृतीयेला उसाच्या रसाचा आहार दिला. हत्ती-घोडे देणाऱ्यांचं मन वाईट नव्हतं. त्यांच्याकडे जे भारी होतं ते त्यांनी पुढे केलं. गरज मात्र ओंजळभर रसाची होती.

सासूबाई म्हणाल्या, "बस्तीच्या आवारात रस वाटू. सगळ्यांना. मी स्वतः देते."

तसंच केलं. ओळखीच्या रसवंतीवाल्याला चरकासकट बस्तीच्या आवारात बोलावलं. आदल्या दिवशी चरक आमच्यासमोर धुऊन घेतला. आलं नाही, बर्फ नाही. फक्त लिंबू, आणि रस स्वच्छ सुती कापडातून गाळून. सकाळी घरी विधान झालं, मग बस्तीत येतील त्या सगळ्यांना रस. अडीचशे पेले, २० रुपये प्रमाणे ५,०००. जवळच्या चाळीस माणसांचं जेवण घरीच आचारी लावून ६,०००, तेही सूर्यास्ताच्या कितीतरी आधी उरकलं. आहेर फक्त दोन नणंदांना आणि माझ्या आईला, ९,०००. फुलं १,५००. सोफ्याऐवजी जुन्या दिवाणाला नवी गादी आणि कापड, ८,०००.

तिसरा रकाना २,५२,५०० वरून २९,५०० वर आला. सगळे मिळून २,७७,०००. तीन लाखांतून २३,००० उरले. त्यांतले ११,००० दुसऱ्या रकान्यात टाकले. आमचे हे स्वतः बोर्डिंगात राहून शिकले. दक्षिण भारत जैन सभेने १८९९ पासून जे काम उभं केलं त्यातून आपल्याकडची खेड्यातली किती मुलं शिकली हे मी तुम्हाला सांगायला नको. एका मुलाच्या वर्षाच्या वह्या-पुस्तकांचे आणि फीचे पैसे आम्ही भरले. घराच्या खर्चात दानाची ओळ आधीच लिहा मैत्रिणींनो. शेवटी उरलं तर देऊ म्हटलं की काही उरत नाही.

सासूबाई त्या दिवशी सकाळी नऊपासून चरकाशेजारी उभ्या होत्या. खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत. येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात पेला देताना "आमचं घर झालं बरं का" एवढंच म्हणत होत्या. हातात पाटल्या होत्या.

आता सगळं गोड झालं असं लिहून संपवता आलं असतं, पण ते खरं नाही. माझ्या थोरल्या नणंदेला वाईट वाटलं. तिच्या सासरची पंधरा माणसं जेवायला येतील असं तिने घरी सांगून ठेवलं होतं, आणि आम्ही चौघांनाच बोलावलं. "भावाने एवढं घर घेतलं आणि रसावर भागवलं," असं ती कुणाकडे तरी बोलली, ते आमच्यापर्यंत आलं. राखीपौर्णिमेला आली, पण लगेच निघाली. पर्युषणानंतर क्षमावाणीच्या दिवशी मी तिच्या घरी जाऊन हात जोडले. तिनेही जोडले. तरी पहिल्यासारखं व्हायला वेळ लागेल. चूक माझीही आहे. यादी कमी करताना ती तिला आधी स्वतः जाऊन सांगायला हवी होती. पैशांचा हिशेब मी तीनदा तपासला, माणसांचा एकदाही नाही.

आणि अजूनही कुणी पाहुणे आले आणि त्यांची नजर वर गेली की मला आमचं साधं छत दिसतं. मूर्च्छा एका वहीने जात नाही.

आता वहिनींसाठी आणि तुमच्यासाठी माझ्या वहीतल्या कामाच्या गोष्टी.

राखीव रक्कम ठेवाच, निदान दहा टक्के. आमचे ३०,००० पहिल्या दोन महिन्यांतच हलले. इन्व्हर्टर आणि बॅटरी १८,०००, बाथरूमची गळती ४,२००, गॅसची नळी, कुलपं, दोऱ्या, पायपुसणी असलं किडुकमिडुक ३,८००. एकूण २६,०००. ही रक्कम नसती तर पहिल्याच महिन्यात उसनवारी झाली असती.

देवघराची जागा ठरवताना वरच्या मजल्यावर त्या ठिकाणी बाथरूम येत नाही ना, हे वर जाऊन बघून या. आम्ही सुताराला आगाऊ पैसे देण्याच्या आदल्या दिवशी बघितलं आणि जागा बदलली. नाहीतर १२,००० पाण्यात गेले असते.

मोठी खरेदी राहायला गेल्यावर करा. कुठल्या भिंतीला काय लागतं हे चार महिने राहिल्याशिवाय कळत नाही. मला ज्या कोपऱ्यात सोफा हवा होता तिथे आता दुपारी ऊन येतं, आणि सासूबाई तिथे चटई टाकून जपमाळ घेऊन बसतात.

टेम्पोत चढवण्याआधी सामान निवडा. आम्ही दोन पोती भांडी आणि एक कपाट देऊन टाकलं, आणि टेम्पोची एक फेरी वाचली.

आणि नळांना बांधायची सुती गाळणी आधीच शिवून ठेवा. माझ्या पूर्ण यादीत सगळ्यात स्वस्त वस्तू ती होती, आणि नव्या घरात पहिल्या सकाळी सगळ्यात आधी तीच लागली. ट्रॉल्यांमधला डबा सापडेना, चहाची पातेली कुठल्या खोक्यात ते कळेना, पण गाळलेलं पाणी होतं. तेवढ्यावर आमचा पहिला दिवस सुरू झाला.

वहिनी, तुमच्या मुलाला सांगा, वर किती लागतील ते विचारण्याआधी तीन रकाने आखून बस. आणि तिसरा रकाना भरताना घरातल्या म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसव.

जय जिनेंद्र.